गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा: डिझेल व्हेंटोचा क्लच आणि फ्लायव्हील

वाईत गॅरेज असलं की क्लचची कामं शोधत फिरावं लागत नाही, पसरणी घाट ती पाठवून देतो. मे महिन्यात आणि डिसेंबरच्या शेवटी पाचगणीकडे जाणारी रांग हलता हलत नाही. चढावर हँडब्रेक ओढायचा सोडून लोक गाडी हाफ क्लचवर धरून ठेवतात. मग संध्याकाळी फोन येतो, "दादा, इंजिन चालू आहे, गिअर पडतोय, पण गाडी पुढे जात नाही."

मी इथे फोक्सवॅगन व्हेंटो १.६ टीडीआयचं काम सांगणार आहे. स्कोडा रॅपिडच्या १.६ डिझेलमध्येही हेच इंजिन आणि हाच पाच गिअरचा गिअरबॉक्स आहे, त्यामुळे तिलाही सगळं लागू पडतं. दोन्ही गाड्या चाकणच्या कारखान्यातल्या. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि या कंपनीने इथे डिझेल गाड्या विकणं थांबवलं. म्हणजे रस्त्यावर ज्या आहेत त्या जुन्याच, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातातल्या. स्वस्तात चांगली गाडी मिळाली म्हणून माणूस खूश होतो आणि पहिल्या घाटात क्लच हात टेकतो.

ज्याच्याकडे सावलीची जागा, नीट हत्यारं, एक जोडीदार आणि दोन दिवसांची सवड आहे त्याने हे काम घरी करायला हरकत नाही. ज्याला गॅरेजमध्येच द्यायचं आहे त्यानेही वाचावं, निदान काय विचारायचं ते कळेल.

आधी खात्री करा की क्लचच गेलाय

चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाने, मोकळ्या सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करायची. पुन्हा पुन्हा करून उरलीसुरली प्लेट जाळण्यात काय अर्थ आहे?

आवाजाचं मात्र शांत बसून ऐकावं लागतं. गाडी न्यूट्रलला, इंजिन आयडलला. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. क्लच सोडलेला असताना घरघर आहे आणि दाबल्यावर बंद होते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचकडून फिरणं आत नेणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर संशय घ्या; तो खर्च वेगळाच, आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी माहीत असलेला बरा. आयडलला खडखड, गाडी बंद करताना एक ठोका, स्टार्ट करताना धातूवर धातू आपटल्यासारखं, आणि पहिल्या गिअरला उचलताना सगळी गाडी थरथरतेय, अशी लक्षणं एकत्र दिसली की माझं बोट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधल्या जड चाकाकडे जातं.

पण थांबा. इंजिनचं खालचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन चेसीला धरून ठेवणारं रबरी माउंटिंग, तुटलं तरी गाडी अशीच थरथरते. एखादा इंजेक्टर कमी-जास्त डिझेल टाकत असेल तरीही आयडलला अशीच खडखड येते. म्हणून माझ्याकडे गाडी आली की आधी स्कॅनर लावून चारही सिलिंडरचं आयडलचं करेक्शन, म्हणजे कुठल्या सिलिंडरला डिझेल कमी-जास्त करावं लागतंय ते, बघतो आणि खाली जाऊन फाउंडेशनचं रबर पहारीने हलवून बघतो. नवीन फ्लायव्हील टाकलं आणि इंजेक्टर तसाच खराब राहिला, तर तो इंजेक्टर नवीन फ्लायव्हीलही खाऊन टाकतो.

पेडल जड होणं, खालीच राहणं किंवा गिअर पडताना कुरकुर होणं, यात कित्येकदा प्लेटचा काही दोष नसतो. मास्टर (पेडलकडचा) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर गळत असतो किंवा ऑइलमध्ये हवा असते. आधी ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघा, कारण क्लचचं ऑइलही त्याच डबीतून येतं.

हे फ्लायव्हील साधं नाही

आमचे वडील मॅटाडोरची कामं करायचे. तिचं फ्लायव्हील म्हणजे बिडाचा एक अखंड जाड तुकडा. क्लच बदलताना त्याच्यावर चरे दिसले की लेथवर फेसिंग मारून आणायचं आणि परत बसवायचं. बात खतम. आजही काही मिस्त्री सवयीने तेच करायला जातात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन वेळा जळण होतं. आयडलला आठशे आरपीएम धरले तर सेकंदाला सव्वीस-सत्तावीस दणके. डिझेलचे दणके पेट्रोलपेक्षा दणकट. ते तसेच गिअरबॉक्समध्ये गेले तर गिअर एकमेकांवर खडखडतात. म्हणून या गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील आहे, म्हणजे दोन तबकड्या. एक क्रँकला बोल्टने घट्ट, दुसरी क्लचच्या बाजूला. मधे ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब वक्र स्प्रिंगा. दणका स्प्रिंगांमध्ये जिरतो आणि गिअरबॉक्सला बऱ्यापैकी गुळगुळीत फिरणं मिळतं. याच कारणाने या गाडीच्या क्लच प्लेटच्या मधोमध जुन्या गाड्यांसारख्या जाड स्प्रिंगा नसतात. ते काम फ्लायव्हीलने उचललेलं असतं.

आता हे मरतं कशाने? पाणी, धूळ यापेक्षा चालवण्याच्या पद्धतीने. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क, २५० न्यूटन-मीटर, १५०० ते २५०० आरपीएमच्या मधे मिळतो. त्याच्या खाली टर्बो झोपलेला असतो. डिझेल वाचवायच्या नादात माणूस घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हजार-बाराशेवर गाडी रेटतो. तेव्हा प्रत्येक दणक्याला त्या स्प्रिंगा शेवटपर्यंत दबतात आणि टोकाला आपटतात. वाचलेल्या डिझेलचे पैसे फ्लायव्हील व्याजासकट वसूल करतं. कमजोर बॅटरीही तितकीच वाईट. सेल्फ (स्टार्टर मोटर) रडत रडत फिरतो आणि कमी आरपीएमला फ्लायव्हील जोरात डोलतं.

काय मागवायचं, आणि साध्या फ्लायव्हीलचं काय

क्लच सेट म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. तिन्ही एकत्रच घ्यायचे, प्लेट चांगली दिसतेय म्हणून जुन्या प्रेशर प्लेटवर नवी प्लेट असला प्रकार करायचा नाही. लूक, सॅक्स, व्हॅलिओ, यांपैकी जो मिळेल तो, पण गाडीच्या चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून. "१.६ डिझेलचा द्या" एवढ्यावर दुकानदाराने दिलेलं पाकीट घरी नेऊ नका.

त्याशिवाय यादीत घाला: फ्लायव्हीलचे नवीन सहा बोल्ट, प्रेशर प्लेटचे नवीन बोल्ट, गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचे बोल्ट, रिलीज बेअरिंग ढकलणारा क्लचचा फोर्क, तो ज्या पिनवर डोलतो ती पिन आणि क्लिप, बेअरिंग ज्याच्यावर सरकतं ती गाइड स्लीव्ह, गिअर ऑइल, डॉट-४ ब्रेक ऑइल आणि ब्रेक क्लीनरचे दोन-तीन डबे. फोर्क, पिन, क्लिप, स्लीव्ह मिळून बिलात फार मोठा आकडा होत नाही. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी त्याच्या कितीतरी पट आहे.

ड्युअल मास फ्लायव्हील एकटंच बाकीच्या सगळ्या सेटपेक्षा महाग असतं. म्हणून बाजारात साध्या फ्लायव्हीलचे बदली किटही मिळतात, अखंड फ्लायव्हील आणि त्याच्याबरोबर स्प्रिंगवाली प्लेट. ते घ्यावं का, हा प्रश्न मला प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण किट, नामवंत कंपनीचं, याच गाडीसाठी बनवलेलं असेल तर गाडी चालते, टॅक्सीवाले चालवतातही. पण आयडलला खडखड येते, पेडलला आणि गिअरच्या दांड्याला कंप जाणवतो, आणि जे दणके फ्लायव्हील पचवायचं ते आता गिअरबॉक्सच्या बेअरिंगना सोसावे लागतात. गाडी ठेवायची असेल तर मी ड्युअल मासच टाकायला सांगतो. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. कुठून तरी साधं फ्लायव्हील आणून त्याच्यावर या गाडीची मूळ, बिनस्प्रिंगची प्लेट बसवायची नाही. मग दणका जिरवायला मधे काहीच उरत नाही.

उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग बॅटरी आणि तिचा ट्रे, मग एअर फिल्टरचा डबा. एवढं निघालं की गिअरबॉक्सचा माथा समोर दिसतो. जे जे सोडाल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. फोटो फुकट आहेत.

गिअरच्या दोन्ही केबल गिअरबॉक्सवरच्या खटक्यांपासून सोडवा आणि बाजूला बांधा. त्यांच्या ॲडजस्टमेंटच्या कॉलरला उगाच हात लावू नका. रिव्हर्स लाइटच्या स्विचचा प्लग काढा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टवर बाहेरून बसवलेला आहे. तो पाइप न तोडता तसाच काढून वर लटकवून ठेवा. आणि स्टिअरिंगला मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा: क्लच दाबू नये. गाडीत कोणीतरी बसतं, सवयीने पेडल दाबतं आणि स्लेव्हचा पिस्टन बाहेर येतो. मग ऑइल सगळीकडे, आणि डॉट-४ रंगावर पडलं की रंग उचलतं.

सेल्फ काढा. त्याचे बोल्ट गिअरबॉक्समधूनच गेलेले असतात. वरून हाताला येणारे बेलहाउसिंगचे, म्हणजे क्लचला झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट आताच काढून घ्या. हे बोल्ट लांबीला वेगवेगळे आहेत. मी पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची आकृती काढतो आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे पुठ्ठ्यात खोचून ठेवतो. हाताखालच्या पोरांना पहिल्यांदा हसू येतं, जोडताना येत नाही.

आता गाडी उचलायची. जमीन पक्की हवी, माती किंवा पेव्हर ब्लॉक नको. पुढची दोन्ही चाकं हवेत, गाडी भक्कम स्टँडवर, जॅक फक्त उचलण्यासाठी. विटा, लाकडाचे ओंडके, जुनी टायर-डिस्क यांच्या आधाराने गाडीखाली शिरणाऱ्याला मी माझ्या गॅरेजमध्ये उभं करत नाही. खालचं कव्हर आणि डाव्या चाकाच्या आतलं मडगार्डचं अस्तर काढा.

एक्सल पूर्ण काढायची गरज नाही. आतल्या बाजूला दोन्ही एक्सल गिअरबॉक्सच्या फ्लँजला बोल्टने जोडलेले आहेत. बोल्टच्या डोक्यात बारा टोकांचा खाचा असतो, त्याला स्प्लाइन बिट लागतो. ॲलन की नाही, स्टार बिटही नाही. खाच्यात वर्षानुवर्षांची माती आणि ग्रीस भरलेलं असतं. ते दाभणाने उकरून काढा, ब्रेक क्लीनर मारा, बिट हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा आणि मगच जोर लावा. इथे घाई केली की डोकं गोल होतं आणि अर्धा दिवस एका बोल्टवर जातो. जोडीदाराने ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे फ्लँज फिरत नाही. चुकून दुसऱ्या पेडलवर पाय जाऊ नये म्हणूनच ती चिठ्ठी. डाव्या बाजूचा खालचा बॉल जॉइंट सोडवला की चाकाचा हब बाहेर ओढता येतो आणि एक्सल सरकवायला जागा होते. एक्सल तारेने बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका, नाहीतर जॉइंट आणि रबरी बूट दोन्ही दुखावतात.

इंजिनला वरून आधार द्या. दोन्ही मडगार्डच्या कडांवर टेकणारा सपोर्ट बार उत्तम. नसेल तर खालून जॅक आणि मधे लाकडाची फळी, पण फळी ऑइल चेंबरच्या मधोमध नको, कडेला. त्यानंतरच खालचं फाउंडेशन आणि डावीकडचं, गिअरबॉक्सचं फाउंडेशन सोडा. इंजिनची ती बाजू हळूहळू खाली आणा, इतकी की गिअरबॉक्स चेसीला न अडता बाहेर सरकेल.

गिअरबॉक्सखाली जॅक लावा, पट्ट्याने बांधा आणि शेवटचे बोल्ट काढा. त्याचं वजन चाळीस किलोच्या आसपास आहे. छातीवर घेऊन उतरवणारे पैलवान मी पाहिले आहेत, पण त्यांचा कित्ता गिरवू नका. सरळ रेषेत मागे ओढायचा. निम्मा निघालेला असताना त्याचा भार इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचा नाही. अडला तर बहुतेक वेळा एखादा बोल्ट राहिलेला असतो. पहार घालण्याआधी पुठ्ठा बघा, कुठलं भोक रिकामं आहे ते कळेल.

आत काय दिसतं

नाकाला मास्क लावा. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या चिंधीने आणि ब्रेक क्लीनरने पुसा.

पहिली नजर ओलाव्यावर. बेलहाउसिंगमध्ये तेल दिसलं तर ते कुठून आलं हे आत्ता शोधायचं. काळं, पातळ, क्रँकच्या मागून ओघळलेलं, तर इंजिनचं मागचं सील. गिअर ऑइलला वेगळाच उग्र वास असतो, ते असेल तर इनपुट शाफ्टचं सील. ब्रेक ऑइल आत आलं असेल तर स्लेव्ह गळतोय. तेलात भिजलेली क्लच प्लेट पुसून चालत नाही. तेलाचं मूळ बंद न करता नवीन टाकली तर तीही त्याच वाटेने जाते.

या इंजिनचं मागचं सील साध्या रबरी रिंगेसारखं नाही. ते फ्लँजसकट येतं, आणि क्रँकचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची रिंगही त्यातच असते. रिंग तिच्या ठरलेल्या जागी बसली नाही तर गाडी स्टार्टच होत नाही, म्हणून ते बसवायला खास हत्यार लागतं. सील कोरडंच बसवतात, त्याला तेल किंवा ग्रीस लावत नाहीत. म्हणून माझा नियम असा: गळत असेल तर हत्यार असलेल्या माणसाकडूनच बदला, गळत नसेल तर हात लावू नका. "उघडलंच आहे तर टाकून देऊ" हे मी फोर्कच्या बाबतीत म्हणतो, या सीलच्या बाबतीत नाही.

आता फ्लायव्हील, अजून इंजिनवर असतानाच. पुढच्या, म्हणजे क्लचकडच्या, तबकडीवर निळे-जांभळे डाग, बारीक भेगा, कडेने बाहेर फेकलेलं ग्रीस, यातलं काहीही ठळक दिसलं तर पुढची तपासणी करायची गरजच नाही, ते गेलं. असं काही नसेल तर पुढची तबकडी हाताने एका बाजूला फिरवा, जिथे स्प्रिंगचा विरोध जाणवायला लागेल तिथे थांबा आणि स्टार्टरच्या दातांवर खडूची खूण करा. मग दुसऱ्या बाजूला तसंच. दोन खुणांमध्ये किती दात सरकले ते मोजा. त्यानंतर तबकडी पुढे-मागे डोलवून बघा आणि डायल गेज असेल तर तो कडेला लावून मोजा. किती चालतं याची मर्यादा प्रत्येक पार्ट नंबरला वेगळी असते आणि बनवणारी कंपनी ती देते. त्या तक्त्याशी ताडून बघा. "हलतंय म्हणजे गेलं" असं म्हणणारा मिस्त्री चुकीचा, कारण नवीन ड्युअल मासही थोडं हलतंच. आणि "क्लच बदलला की फ्लायव्हील बदलायचंच" म्हणणाराही मला पटत नाही. मर्यादेत असेल, डाग-भेगा नसतील आणि गाडी फारशी चाललेली नसेल तर ते राहू द्या. दीड लाख किलोमीटर झालेली, घाटात राबलेली गाडी असेल आणि माप मर्यादेच्या जवळ आलं असेल, तर मी मालकाला बोलावून त्याच्याच हाताने तबकडी हलवायला लावतो. मग वाद राहत नाही.

या फ्लायव्हीलवर लेथचं फेसिंग करायचं नाही. आतलं ग्रीस, स्प्रिंगा, मधली बेअरिंग यांना ती उष्णता आणि तो किस परवडत नाही.

फ्लायव्हील बदलणं

दातांना धरणारं लॉकिंग हत्यार लावून फ्लायव्हील जखडा. पुढच्या तबकडीला असलेल्या भोकांतून मागचे सहा बोल्ट दिसतात. ती तबकडी अशी फिरवा की बोल्टची डोकी भोकांच्या बरोबर मधोमध येतील. इम्पॅक्ट गन लावू नका, ना काढताना ना बसवताना. डोकं भोकाच्या कडेवर आपटलं की नुकसान होतं. लांब दांड्याने, हाताने. शेवटचा बोल्ट काढताना खाली हात ठेवा, हे धूड पायावर पडलं तर पायाचं हाड मोडतं.

क्रँकचं तोंड पुसून कोरडं करा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे पत्र्याची एक पातळ प्लेट असते, ती जागेवर आहे ना बघा, कारण फ्लायव्हील बसल्यावर ती आत जात नाही. नवीन फ्लायव्हील एकाच स्थितीत बसतं, भोकं मुद्दाम विषम अंतरावर आहेत. जुळत नाहीये म्हणून ठोकू नका, फिरवा.

नवीन बोल्ट हाताने लावा, मग एकाआड एक, समोरासमोर, ६० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. त्यानंतर प्रत्येकाच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या आणि ९० अंश, म्हणजे पाव फेरा, पुढे न्या. ठिपक्यामुळे कुठला झाला, कुठला राहिला हे नंतर आठवत बसावं लागत नाही. हे बोल्ट ताणले जातात, म्हणून जुने परत वापरायचे नाहीत.

क्लच आणि सेंटरिंग

फ्लायव्हीलच्या तोंडावर गंजू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. प्रेशर प्लेटचंही तोंड पुसा. यानंतर त्या तोंडांना बोट लागलं नाही पाहिजे.

प्लेट लावण्याआधी ती इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे दांड्यावरच्या उभ्या दात्यांवर, सरकवून बघा. अडकत नाही ना, डोलत नाही ना? बॉक्समध्ये चुकीची प्लेट आली असेल तर ती इथेच कळते. स्प्लाइनला उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसट लावायचं, प्लेट दोन-तीनदा सरकवायची आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं. जास्त ग्रीस फिरताना उडतं आणि प्लेटच्या घासणाऱ्या थरावर, लायनिंगवर, जातं. प्लेटवर कुठली बाजू गिअरबॉक्सकडे, हे कोरलेलं असतं. बहुधा हबचा उंच भाग प्रेशर प्लेटकडे येतो.

या गाडीत क्रँकमध्ये पायलट बेअरिंग, म्हणजे इनपुट शाफ्टचं टोक धरणारं बेअरिंग, नाही, त्यामुळे सेंटरिंगचं साधं दांडकं नीट टेकत नाही. शंकूसारखं पसरणारं सेंटरिंग हत्यार घ्या, ते प्रेशर प्लेटच्या बोटांमधून प्लेटला मधोमध धरतं. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या पिनांवर बसवा आणि बोल्ट समोरासमोर, एकेका वेळी फक्त अर्धा फेरा आवळत जा. एक बाजू आधी आवळली तर प्लेटचं कव्हर वाकतं आणि मग गाडी पहिल्या गिअरला हुडहुडी भरल्यासारखी उचलते. सेल्फ ॲडजस्टिंग प्रकारची प्रेशर प्लेट असेल तर ती खास हत्याराने दाबून बसवायची असते, नाहीतर तिची ॲडजस्टिंग रिंग आधीच सरकून बसते. बोल्ट सहा एमएमचे असतील तर १३ न्यूटन-मीटर, सात एमएमचे असतील तर २०. इतक्या कमी टॉर्कला चाकाचा मोठा रेंच उपयोगाचा नाही, छोटा घ्या.

बेलहाउसिंगमध्ये नवीन गाइड स्लीव्ह, पिन, फोर्क, क्लिप आणि बेअरिंग बसवा. पिनेच्या गोळ्यावर ग्रीसचा ठिपका. फोर्क हाताने हलवून बघा, क्लिप पिनेच्या मागे नीट अडकली आहे ना. ही क्लिप सुटली तर आत्ताच सुटू दे.

परत चढवणं

इंजिनच्या तोंडावर दोन पोकळ पिना असतात, गिअरबॉक्स त्यांच्यावर मध्यभागी येतो. कित्येक गाड्यांमध्ये आधीच्या कोणीतरी एखादी हरवलेली सापडते. नसेल तर नवीन आणा. तिच्याशिवाय गिअरबॉक्स केसाएवढा सरकतो आणि नवीन क्लच असूनही थरथर जात नाही.

गिअरबॉक्स गिअरमध्ये टाका, जॅकवर इंजिनच्या बरोबर रेषेत आणा आणि ढकलताना जोडीदाराला फ्लँज थोडी थोडी फिरवायला सांगा, म्हणजे स्प्लाइन प्लेटमध्ये उतरते. दोन्ही तोंडं हाताने टेकली पाहिजेत. शेवटचं बोटभर अंतर बोल्ट आवळून ओढून आणायचा मोह होतो. तो केला की प्लेटचा हब किंवा बेलहाउसिंगचा कान यातलं एक तुटतं. टेकत नसेल तर मागे घ्या, कोन बघा, पुन्हा.

बोल्ट पुठ्ठ्यावरून उलट क्रमाने. बेलहाउसिंगचे बारा एमएमचे ८० न्यूटन-मीटर, दहा एमएमचे ४०. एक्सलच्या फ्लँजचे आठ एमएमचे आधी १० ने समोरासमोर, मग ४० ने. फाउंडेशन, बॉल जॉइंट आणि सेल्फ यांची मूल्यं आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. फाउंडेशन पूर्ण आवळण्याआधी इंजिन एकदा हाताने हलवून स्वतःच्या जागी बसू द्या, नाहीतर रबराला पीळ पडतो.

गिअर ऑइल बदला, साधारण दोन लिटर लागतं. स्लेव्हचा पाइप उघडलाच नसेल तर हवा काढायची गरज पडत नाही. पण डबीतलं ऑइल काळपट झालं असेल तर या निमित्ताने बदलून टाकाच.

बॅटरी लावली, सगळे प्लग तपासले की स्टार्ट करण्याआधी क्लच हळूहळू आठ-दहा वेळा दाबा. पेडलला भार आला पाहिजे. गाडी अजून स्टँडवर असतानाच इंजिन चालू करून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. रिव्हर्स कुरकुर न करता पडला तर क्लच पूर्ण सुटतोय. एखादा गिअर अडला तर केबलची ॲडजस्टमेंट बघा, गिअरबॉक्सला दोष देऊ नका. बॅटरी काढली होती म्हणून काचांचं ऑटो बटण चालत नसेल. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ते पुन्हा शिकतं.

पहिले काही शे किलोमीटर घाट, ट्रेलर, भरलेली गाडी नको. लायनिंगला फ्लायव्हीलच्या तोंडाशी जमायला वेळ लागतो. सुरुवातीला किंचित वास आला तर घाबरू नका, पण आठवडाभर येत राहिला तर बघायला हवं. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरने आवळले होते, ते शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा रेंच लावून बघा. आणि पहिले दोन-तीन दिवस रात्री गाडी लावताना गिअरबॉक्सखाली पुठ्ठा पसरून ठेवा; सकाळी त्याच्यावर थेंब दिसला, तर तो कुठल्या तेलाचा आहे हे वासावरून ओळखून मग फोन करा.